वाचवलेले किलोमीटर

विमा कचेरीत मोटारीच्या टेबलावर माझी एकतीस वर्षं गेली. फाईल बंद झाली की कपाटात जाते आणि कपाटात तिला वाळवी खाते. किश्श्यांना वाळवी लागत नाही. ते घरी येतात आणि निवृत्तीनंतरही पेन्शनसारखे दरमहा चालू राहतात.

नोकरीतला एकच सांगतो. धाड गावाकडच्या एकानं जीपचा विमा 'खाजगी वापर' म्हणून काढला. भाड्यानं चालवायची गाडी असेल तर हप्ता जास्त, म्हणून. जीप झाडावर आदळली तेव्हा आत तेरा माणसं. सुदैवानं खरचटण्यावर भागलं. मी विचारलं, एवढे लोक कोण? "पाहुणे आहेत साहेब, घरचे." मग एका पाहुण्याचं नाव तरी सांगा, म्हटलं. तो चिडलाच. "नाव मी काऊन इचारू? बाजाराच्या दिवशी स्टँडवरून बसला तो!"

*

आता आमचे भास्करराव. कृषी खात्यातून निवृत्त, बुलढाण्यात माझे शेजारी, रोजच्या चहाचे सोबती. त्यांनी छोटी गाडी घेतली ती सुशीलावहिनींच्या शब्दाखातर. वहिनींचं माहेर मोताळा. जन्मात एकदा स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचं, एवढीच त्यांची इच्छा.

एजंटनं किलोमीटरवाला विमा समजावून सांगितला. वर्षाला गाडी किती चालणार ते आधी ठरवायचं. आकडा लहान, तर हप्ता लहान. आकडा ओलांडला, तर गाडीच्या नुकसानीचा पैसा मिळणार नाही. भास्कररावांनी सर्वांत लहान आकडा निवडला, अडीच हजार. मी म्हटलं, बुलढाण्यातल्या बुलढाण्यातच संपतील हो हे. ते म्हणाले, "चालवतो कोन? एसटी आहे ना. हिले तं अर्धं तिकीट लागते."

मग गाडी कशाला घेतली, हे विचारायची सोय नव्हती. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या.

*

गाडी उभी राहून बॅटरी उतरते, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून भास्करराव रोज सकाळी गाडीत बसून इंजिन सुरू करत, जागेवरच पेपर वाचत आणि अग्रलेख संपला की इंजिन बंद करत. पेट्रोल जळतंय, असं मी म्हटलं. तर म्हणाले, पेट्रोल जळू द्या, काटा हलत नाही ना!

चहा खिडकीतून आत जायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, आमची गाडी म्हंजे बैठकीची खोली आहे. फक्त बेल्ट लावा लागते."

*

पहिल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्यानं ट्रायल म्हणून गाडी नऊ किलोमीटर फिरवली. भास्कररावांनी ते नऊ किलोमीटर परत मागितले. गॅरेजवाल्यानं हात जोडले. मग हे स्वतःच बसले आणि कॉलनीला रिव्हर्समध्ये चार फेऱ्या मारल्या. मान आखडली. मीटर पाहिलं तर आणखी दोन वाढलेले.

दोन दिवस चहाला आले नाहीत.

*

कॉलनीतल्यांनी हिवरा आश्रमाला जायचं ठरवलं. गाडी काढा, म्हणायला लोक आले, तर यांनी पॉलिसीचा कागद बाहेर आणला. "यात बसत नाही." शेवटी हे माझ्याच गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि जाताना-येताना जवळचा रस्ता कोणता, ते सांगत राहिले. माझ्या विम्याला किलोमीटरची मर्यादा नाही, हे मी तीनदा सांगितलं. "म्हनून काय उधळाचे?" म्हणाले.

*

एवढं करूनही दूध, भाजी, दवाखाना यांच्या फेऱ्यांत किलोमीटर सरत आले. विमा संपायला एक महिना बाकी, मीटरवर दोन हजार चारशे एकोणनव्वद, आणि मोताळ्याला वहिनींच्या भाचीचा साखरपुडा. भावांनी फोनवर विचारलंच, "दाजी, गाडी खरी आहे का फोटोतलीच?" वहिनींनी त्या दिवशी भास्कररावांचं जेवणाचं ताट गाडीतच नेऊन ठेवलं. मोताळा अकरा किलोमीटरमध्ये येत नाही. जास्तीचे किलोमीटर विकत मिळतात, हे मी सांगितलं. भास्कररावांच्या मते ती हार होती.

साखरपुड्याच्या सकाळी त्यांनी चुलतभावाचा ट्रॅक्टर बोलावला. कॉलनीमागच्या मैदानातल्या उंच बांधाला ट्रॉली लावली, गाडी ढकलत तीत चढवली, दोरानं आवळली आणि वहिनींना गाडीत मागच्या सीटवर बसवलं. चाकं फिरणार नाहीत, मीटर हलणार नाही, आणि बायको गाडीतून माहेरी! घाट उतरताना लोक थांबून नमस्कार करत होते म्हणे. कुणाची मिरवणूक ते न कळून.

मोताळ्याला भावाच्या दारात वहिनी तोऱ्यात उतरल्या. मग गाडी उतरवण्यासाठी फळ्या लावल्या आणि दोर सोडला. गाडी न्यूट्रलमध्ये होती. ती कुणासाठी थांबली नाही. फळ्यांवरून सुटली आणि सिमेंटच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. मागची बाजू पापडासारखी चुरली. माणसाला ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं क्लेमचा फॉर्म घेऊन माझ्याकडे. मी पॉलिसी वाचली. मीटर मर्यादेच्या आत होतं. शिवाय गाडी दुसऱ्या वाहनावरून नेताना झालेलं नुकसानही विम्यात धरतात. हे कलम एकतीस वर्षांत कुणी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. पैसे मिळायची आशा होती. मी एवढंच बजावलं की खोटं एक अक्षर लिहू नका, त्यावरच सगळं अडेल.

भास्करराव चष्मा लावून लिहू लागले. अपघातावेळी चालकाचं नाव: कोणीही नाही. वाहनाचा वेग: शून्य. पुढचा रकाना होता, वाहन त्या वेळी कोणत्या कामासाठी वापरात होतं?

पेन थांबलं.

"लिहा ना," वहिनी म्हणाल्या, "बायकोले माहेरी न्यासाठी."

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच लिहाचं म्हनता ना?"

मी मान हलवली. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'किलोमीटर वाचविणे.'