दहावा माणूस खारघरहून आला

बाबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून पनवेलच्या सिनेगॉगला जायचं ठरवलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. वर्षाच्या दिवशी मुलाने सिनेगॉगमध्ये कद्दिशची प्रार्थना म्हणायची असते आणि त्यासाठी दहा पुरुष हजर लागतात. माझा भाऊ रूबेन इस्राएलमध्ये, अश्दोदला. त्याला रजा मिळाली नाही. मी बाई, त्यामुळे दहांत धरली जात नाही. तरी गेले.

पुण्याहून पहाटे पाचची एसटी घेतली. तुम्ही जाणार असाल तर कंडक्टरला आधीच विचारा. बऱ्याच गाड्या पनवेल स्टँडवर न जाता कळंबोलीला उतरवतात. मलाही उतरवलं. रिक्षावाल्याने बॅग बघून विचारलं, "येरपोर्टला नाय? आता बॅगवाली सगली तिकरंच जातात."

सिनेगॉग बघायचं असेल तर आधी फोन करा, ओळखपत्र जवळ ठेवा.

आत नऊ जण होते, बहुतेक सत्तरीपुढचे. बाकीची कुटुंबं कधीच परदेशी गेली. मी रूबेनला व्हिडिओ कॉल लावला.

"हाच दहावा धरा की," जेकबकाका म्हणाले.

प्रार्थना चालवणारे सॅमसनकाका हसले. "फोटोतला पाहुणा पंगतीत बसतो का? इथे दहा होऊ देत, मग तो तिकडून खुशाल म्हणू दे."

रूबेन म्हणाला, "ताई, थांब जरा." त्याने अश्दोदच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. तिथल्या कुणाचा तरी मुलगा, एलाद, कंपनीच्या कामाला भारतात आला होता आणि खारघरच्या हॉटेलात उतरला होता, इथून अर्ध्या तासावर.

एलाद टॅक्सीने आला तेव्हा त्याचे केस ओलेच होते. मराठी त्याला आजीकडून आलेली, तीही एका वाक्याची. ते त्याने सॅमसनकाकांना ऐकवलं, "जेवलास का?"

"नाही रे बाबा. तुझ्यासाठीच थांबलोय."

कद्दिश सुरू झाली. फोन पुढच्या टेबलावर ठेवला होता, त्यातून रूबेन म्हणत होता. अर्ध्यावर रूबेनचं चित्र थिजलं, आवाज गेला. सगळे वाट बघत राहिले. पुढचं खरं तर सॅमसनकाकांनी म्हणायचं. पण वर्षभर मी रूबेनकडून ते फोनवर ऐकत आले होते. मागच्या बाकावरून मी पुढचा शब्द म्हटला, मग त्याच्या पुढचा. कुणी वळून बघितलं नाही. मी शेवटापर्यंत गेले आणि थांबले.

सॅमसनकाका म्हणाले, "आमेन." त्यांच्यामागून बाकीचे नऊ.

नंतर मलिदा खाल्ला, म्हणजे नारळ-गूळ घातलेले भिजवलेले पोहे आणि फळं. एलाद दोनदा घेऊन ऑफिसला गेला. मी दुपारची गाडी धरली.

पुढच्या वर्षी दहा जण कुठून जमतील, मला माहीत नाही. घरी पोचले तेव्हा रूबेनचा मेसेज आला होता. "मध्येच कट झालं. शेवट काकांनी म्हटला ना?"

"नाही," एवढंच लिहिलं.

उत्तर आलं, "आमेन, ताई."