कुलपाचा दिवस

माझ्या सासरी पूर्वी मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकायचा, आता खोल्या पिकतात. नाशिक वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आलं, मग बांध ओलांडून आत आलं, आणि एके दिवशी ध्यानात आलं की आपण मळेवाले उरलो नाही, घरमालक झालो. मळ्याच्या शेवटच्या तुकड्यावर आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही नवरा-बायको, वर भाडेकरू. मेथीची जुडी कशी बांधायची हे सासूबाईंनी मला हाताला धरून शिकवलं होतं. घर भाड्याने कसं द्यायचं हे कुणी शिकवलं नाही, पण ते आपल्याला येतंच अशी माझी पक्की समजूत होती.

त्या समजुतीतला सगळ्यात पक्का भाग म्हणजे कुलपाचा दिवस. सासऱ्यांनी फार पूर्वी गावातली एक खोली ओळखीच्या माणसाला दिली होती. त्याने ती सोडलीच नाही. कोर्टकचेरी झाली, सासरे गेले, तो माणूसही गेला, आणि त्याचा मुलगा अजून त्याच खोलीत राहतो. तेव्हापासून सासूबाईंनी धसका घेतला. बारा महिने सलग राहिला की भाडेकरू मालक होतो, असं त्या सांगायच्या, आणि मी ते गायत्री मंत्रासारखं पाठ केलं. म्हणून करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने भरले की भाडेकरूने शेगडी, सिलिंडर, खाटा, देव सगळं काढून अंगणात ठेवायचं, आम्ही ताडपत्री टाकायचो. रिकाम्या खोल्यांना आमचं कुलूप लागायचं. दुसऱ्या दिवशी नवा स्टॅम्प पेपर, नवी सही, आणि सामान पुन्हा वर. वीस वर्षं हे मी चालवलं आणि त्यात कधी खाडा पडू दिला नाही.

आत्ताचं कुटुंब नऊ वर्षांपासून आहे. मूळचे सटाण्याकडचे. घरचे कर्ते ओझरच्या विमान कारखान्यात कामाला, त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, घरी शिकवण्या घेतात, आणि त्यांच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो. कराराचा कागद ताई स्वतःच टाइप करून आणायच्या, लग्नाआधी त्या एका वकिलाकडे कामाला होत्या म्हणे. मी फक्त चष्मा लावायचा आणि सही ठोकायची. कुलपाच्या दिवशी ही मंडळी वणीला जायची, सप्तशृंगीचं दर्शन घ्यायची, मुक्काम करायची, दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी प्रसाद घेऊन परतायची. तारीख दर वेळी महिनाभर मागे सरकायची, त्यामुळे कधी भर उन्हात गड चढले, कधी धुक्यात, कधी चैत्राच्या रेटारेटीत. माझ्यामुळे यांना देवी घडते, असं मी शेजारणींना सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटायचं.

यंदा आजी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्या खाटेला लागल्या. कुलपाच्या दिवसाआधी तीन आठवडे ताई खाली आल्या. सामान नेहमीसारखं काढते, म्हणाल्या, फक्त आईंची खाट तेवढी वर राहू द्या, त्यांना हलवायला डॉक्टर नको म्हणतात. मी म्हटलं, खाट राहिली म्हणजे ताबा राहिला. ताबा हा शब्द मी सासऱ्यांच्या खटल्यात शिकले होते आणि तो वापरायची संधी मी सहसा सोडत नाही. नाशिक रोडला त्यांच्या भावाचं तळमजल्यावर घर आहे, तिथे आजींना न्यायचं ठरलं. कुलपाचा दिवस रविवारी येत होता, त्या सकाळी नऊला अँब्युलन्स सांगितली. हे ठरलं त्या रात्री आमच्या ह्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. फक्त म्हणाले, "लय ताणू नये." मी भांडी जरा जोरात आपटली आणि विषय संपवला.

आणि नेमकं त्याच रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घरमालकांचं शिबिर होतं.

हे शिबिर म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. साठी आली, पण आजवर मी बाहेर गेले ती कुणाची तरी आई म्हणून, सून म्हणून, वऱ्हाडी म्हणून. आमच्या भागातल्या लहान घरमालकांनी मोबाईलवर एक ग्रुप केला होता. त्यावर निरोप आला की सकाळी कायदा शिकवणार, दुपारी भाड्याच्या नव्या धोरणावर सूचना ऐकायला सरकारी अधिकारी येणार. मी सगळ्यात आधी नाव दिलं. आठ दिवस नुसती हुरहूर. इस्त्रीची साडी, नवी वही, दोन पेनं, एक बंद पडलं तर असावं म्हणून.

नाशिक रोडच्या एका मंगल कार्यालयात आम्ही जमलो. कुणाच्या तरी लग्नाच्या माळा अजून लटकत होत्या. झेंडू दोन दिवसांचा होता, ते मी आत शिरतानाच ओळखलं. छातीवर लावायला बिल्ला दिला. मी तो तीनदा सरळ केला. घरमालक म्हणजे बंगलेवाले असं मला वाटायचं, इथे बघते तर सगळी माझ्यासारखीच. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका, कॉलेजच्या पोरांना तीन खोल्या देणारी विधवा बाई, गोठा पाडून दोन खोल्या काढलेला शेतकरी. आठ-आठ जणांची टेबलं. बोलायला लागलो आणि पाच मिनिटांत कळलं की सगळ्यांना एकाच गोष्टीची भीती आहे, बाराव्या महिन्याची. प्रत्येकाचा आपापला तोडगा होता. प्रेसवाले काका करार एकदा भाडेकरू नवऱ्याच्या नावे करायचे, एकदा त्याच्या बायकोच्या. कॉलेजवाली बाई पोरांना दर अकरा महिन्यांनी या खोलीतून त्या खोलीत हलवायची. मी माझा कुलपाचा दिवस सांगितला, तेव्हा सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. इतका कडक तोडगा कुणाचाच नव्हता. मला अभिमान वाटला, हेही कबूल करते.

शिकवायला एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी आधी कायदा सांगितलाच नाही, चिठ्ठ्या काढायला लावल्या. निम्म्यांनी मालक व्हायचं, निम्म्यांनी भाडेकरू, आणि नेहमीचं संभाषण करून दाखवायचं. मला भाडेकरूची चिठ्ठी आली. प्रेसवाले काका माझे मालक. त्यांना माझा तोडगा एवढा आवडला होता की त्यांनी कमरेवर हात ठेवून तोच फर्मावला, बाई, उद्या सामान काढा. सगळे हसायला लागले. मी तोंड उघडलं ते भांडायला. पण निघालं असं की माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांची खाट तेवढी राहू द्या. शब्द ताईंचे होते. काकांनी कमरेवरचे हात खाली घेतले. मी खाली बसले आणि बिल्ला पुन्हा सरळ केला.

मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या आणि हे नाटकातलं आहे की खरं, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"करार नोंदवलेला आहे ना तुमचा?"

"स्टॅम्प पेपरवर आहे की. दोघांच्या सह्या आहेत."

"ते झालं लिहिणं. सरकारदरबारी नोंदवला का?"

वीस वर्षांत एकदाही नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला तर काय अटी ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतात, खोटं पाडायचं काम मालकाचं. आणि करार नीट नोंदवलेला असेल तर बारावा महिना काय, तेरावा काय, भाडेकरू मालक होत नाही. एक दिवस सामान अंगणात ठेवून मालकाच्या पदरात काहीही पडत नाही.

म्हणजे वीस वर्षं मी खिडकीला कडी लावत होते आणि दार सताड उघडं होतं. आधी मला हसू आलं, चांगलं मोठ्याने. मग लाज वाटली. आणि मग असा काही उत्साह अंगात शिरला की विचारू नका. मला सगळं आत्ताच्या आत्ता कळून घ्यायचं होतं. नोंदणी कुठे, कागद कोणते, घरबसल्या होते का, पोलिसांना काय कळवायचं, भाडेकरूला प्रत द्यायची का. जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंच्या ताटातली मिसळ निवून गेली, पण मी त्यांना सोडलं नाही. नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्रही त्यांनी दाखवायला आणलं होतं. माझा अंगठा त्याने काही केल्या घेतला नाही. गोठेवाल्या शेतकऱ्याचाही नाही. जुड्या बांधून आणि विळा धरून आमच्या रेषा गेलेल्या.

दुपारी दोन अधिकारी आले. आमच्या टेबलाने बोलायला मला उभं केलं. माईक हातात घेतला तेव्हा आवाज काही कापला नाही, तो आमच्या घराण्यात बाजारात कमावलेला आहे.

मी म्हटलं, "साहेब, मी भाडेकरूचं बिऱ्हाड दर अकरा महिन्यांनी अंगणात काढते. कायद्याला त्याची गरज नाही हे मला आज कळलं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक विभागीय कार्यालयात एक टेबल टाका. मालक आणि भाडेकरू शेजारी-शेजारी बसतील आणि एकाच वेळी ऐकतील. आणि ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांची काहीतरी सोय करा."

टाळ्या पडल्या. मोठे अधिकारी लिहून घेत होते, मी डोळ्यांनी पाहिलं. हे लेखी द्या, सोमवारी पाठवा, असं ते म्हणाले. माझी सूचना, लेखी, सरकारला.

हे स्कूटर घेऊन बाहेर उभे होते. घरापर्यंत मी मागे बसून एकसारखी बोलत होते. सिग्नलवरचे लोक वळून बघायला लागले तरी थांबले नाही. ह्यांनी एवढंच विचारलं की हे वर कधी सांगणार. मी म्हटलं, आत्ता. मनात चित्रसुद्धा तयार होतं. मी जिना चढणार, बातमी देणार, ताईंचे डोळे भरून येणार.

अंगणात सामान येऊन पडलं होतं. देव्हारा फडक्यात गुंडाळलेला, शेगडी, शिकवणीची सतरंजी. मी चपला न काढता वर गेले. रिकाम्या खोलीत आजींची खाट तेवढी होती, आणि ताई खाली बसून औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वकीलबाईंच्या शब्दांत, हातवारे करून. कुलपाची गरजच नाही, करार नोंदवला की झालं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं, काकू," त्या म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिल्याच वेळी बोलले होते. तुम्ही म्हणालात, भाडेकरूने मालकाला कायदा शिकवू नये."

मला आठवलं. जिन्याची ही वरची पायरी, माझ्या हातात केरसुणी, आणि नवी आलेली एक पोरगेलीशी बाई चाचरत काहीतरी सांगते आहे. वाक्य माझंच होतं. ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. मी त्याच पायरीवर बसले आणि मला रडू आलं. ताई शेजारी येऊन बसल्या.

तेवढ्यात देव्हारा छातीशी धरून हे वर येत होते. बायको जिन्यात रडतेय हे बघून थांबले नाहीत, वाट काढून आत गेले. आजींनी खाटेवरून त्यांना विचारलं, "मंग मी आठेच शे?"

"इथंच," हे म्हणाले. "कुठं जायचं नाय."

ताईंच्या मिस्टरांनी अँब्युलन्सला नको म्हणून कळवलं. सतरंजी, शेगडी, भांडी आम्ही चौघांनी वर नेली. सगळं लागल्यावर आजींना आठवलं की वणी चुकणार. नऊ वर्षांत कधी चुकली नव्हती. म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. निघताना आमच्या घराला तेच कुलूप लावलं आणि किल्ली ताईंकडे दिली. गडावर जाताना गुडघ्यांनी माझा चांगला सूड घेतला. मुक्काम करून सोमवारी सकाळी प्रसाद घेऊन परतलो. आजींनी तो कपाळाला लावला आणि गर्दी होती का ते विचारलं.

दुपारी शिकवणीच्या सतरंजीवर बसून आम्ही सूचनेचा कागद केला. मी सांगायचं, ताईंनी टाइप करायचं. टेबलाचं लिहून झालं, अंगठ्याचं झालं. मग शनिवारचं ते वाक्य आलं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ताईंची बोटं थांबली नाहीत, मी जसं सांगितलं तसं त्यांनी टाइप केलं. मीच म्हटलं, ते खोडा. त्या जागी घाला, आम्हाला सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही, म्हणून दोघांना शेजारी बसवून सांगा.

ताईंनी ते टाइप केलं आणि वर बघून विचारलं, "हे असंच जाऊ दे? खाली तुमची सही आहे."

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि चष्मा लावून पहिल्यांदाच अख्खा कागद वाचून सही केली.