तांदळात लिहायचं नाव

मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावून बसली होती. काय झालं, मी विचारलं.

"बाबा, ॲप लहान करायला घेतलं. त्यात जास्तीचं सगळं निघून जातं आणि कोडमधल्या लांब नावांच्या जागी एकेक अक्षर येतं. पण लोकांच्या फोनमध्ये जुनी माहिती जुन्याच नावानं साठवलेली आहे. नव्या ॲपला ते नाव सापडत नाही."

"म्हणजे माहिती गेली?"

"आहे की, जशीच्या तशी! फक्त उघडत नाही. कुठल्या नावांना हात लावायचा नाही, हे आधी बजावून ठेवावं लागतं."

मी गॅलरीत गेलो, परत आलो. सकाळीच तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, लग्नात तांदळात कोणतं नवं नाव लिहायचं? मागे मंडईत बायकोची शाळेतली मैत्रीण "कुसुम, अगं कुसुम" अशा हाका मारत होती. मी वळलो. ही मात्र वांगी निवडत राहिली. आमच्या लग्नात कुसुमची मीनाक्षी झाली. कुसुमचं सगळं तिच्यात असेलच, पण हाक तिथवर पोचली नाही.

"तुला नाव बदलायचंय?" मी मुलीला विचारलं.

"छे! पण मला विचारतंय कोण?"

"आता विचारलं ना? मग लावा विहीणबाईंना फोन," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी लावला. "आहे तेच नाव लिहू या," म्हणालो. "पण आमच्याकडे बदलतात हो," पलीकडून आलं. मी फोन ठेवला नाही.