देवाचं पांघरूण

हे लिहायचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि शिकलेलं सगळं बरोबरच असतं असं तेव्हा वाटायचं. धीटपणाबद्दल क्षमा असावी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जुन्नरच्या आमच्या कॉलेजातली आम्ही पंधरा मुलं आंबेगावच्या डोंगराकडच्या एका गावात देवराईच्या उत्सवाला गेलो होतो. वर्षातून एकदा गाव तिथं नैवेद्य शिजवतं. एरवी तिथली वाळकी काडीही कुणी बाहेर नेत नाही. हे आम्हाला नंतर कळलं.

आत भर दुपारीही हिरवा अंधार होता. पाऊल घोट्यापर्यंत पानांत बुडायचं. वरून शेकरू उडी मारून गेलं, तरी फांदी कितीतरी वेळ हलत राहायची. आपण पाण्याखालून चाललोय असं वाटत होतं.

मी पिंपरी पेंढारचा. आमच्याकडं सण आला की आधी अंगण झाडतात. मीच म्हणालो, देवाची जागा स्वच्छ करू. तासाभरात आम्ही पाचोळा ओढून बाहेर वाटेवर ढीग घातला. आत काळी, ओली माती उघडी पडली.

देवराई राखणारे म्हातारे बाबा नैवेद्याची भांडी घेऊन आले आणि जागीच थांबले.

"कुणाचं डोकं हे?"

"माझं, बाबा. लई कचरा व्हता, म्हणून."

"शिकलेला दिसतोस." मागच्या बाया हसल्या. बाबा हसले नाहीत. "कचरा न्हाई राव. देवाचं पांघरूण हाय ते. उन्हाळाभर त्याच्याखाली ओल निजती."

संध्याकाळपर्यंत आम्ही पाट्या भरभरून पानं परत नेली. बाबा खाली बसून ती हातानं सारखी करत होते. निघताना म्हणाले, "फुडच्या साली तुमी यायचं का न्हाई, देवाला कौल लावू. फूल उजवीकडं पडलं तर कळवू."

चूक माझी, आणि डावा कौल आला तर देवराई बंद होणार सगळ्या कॉलेजाला. वर्षभर वर्गात बसलो की पायाखाली मऊ पानं लागायची.

पुढच्या उत्सवाला आठ दिवस उरले असताना त्या गावचा एक माणूस जुन्नरच्या बाजाराला आला, आणि त्यानं मला एसटी स्टँडवर शोधून गाठलं.

"उजवा कौल दिला देवानं," तो म्हणाला. "बाबा म्हणत्यात, पोरांना जेवायलाबी थांबवा."