वीस वारांचा झगा

चौकातल्या शिवणघरात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, आणि बोलणंही तसंच, टोचणारं.

युद्धाची सहा वर्षं तिने कात्रीच्या जोरावर काढली. कापड शिधापत्रिकेवर मिळे आणि बायकांनी काय घालावं हेही सरकारच ठरवी. चुण्या तीनच, खालची दुमड दोन बोटं, झगा पोटरीच्या खाली जाता कामा नये. पण रजेवर आलेला नवरा पुन्हा आघाडीवर निघाला की आदल्या संध्याकाळी त्याच्यासोबत नाचघरात जायला बाईला काहीतरी बरं हवंच ना! टाचणीबाईने पडद्यांचे झगे केले, कोटांचे केले, एकीचा तर फाटक्या हवाई छत्रीच्या रेशमाचा केला. अस्तर कमी पडलं की उशीची खोळ उसवायची. "बाहेरून राणी, आतून उशी!" असं म्हणून ती गिऱ्हाइकाला हसवायची. त्यातल्या कितीतरी जणींची नवऱ्यासोबतची ती शेवटची संध्याकाळ ठरली. टाचणीबाईच्या नणंदेचीही.

युद्ध संपलं. टाचणीबाईचा नवरा परतला, नणंदेचा नाही. शिधापत्रिका मात्र होत्या तिथेच राहिल्या. आणि अशात नवी फॅशन आली: घोट्यापर्यंत घोळ, कमरेला चुण्याच चुण्या. सैन्याला बूट पुरवून गब्बर झालेल्या ठेकेदाराची बायको शिवणघरात आली ती वीस वार रेशमाचा ताका घेऊनच. तिला शिधापत्रिका कोण विचारणार? टाचणीबाईला तेव्हाच राग आला होता. पण रेशमावरून हात फिरवला आणि तिच्यातली शिंपीण विरघळली. सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून तिने तो झगा शिवला. नुसत्या खालच्या दुमडीला चार दिवस हातशिलाई लागली.

नाटकाला जायच्या संध्याकाळी ठेकेदारीणबाई शिवणघरातच झगा घालून निघाल्या. मोटार गल्लीच्या तोंडाशी होती आणि गल्लीत कोळशाची रांग. घोळ चिखलात लोळू नये म्हणून टाचणीबाई तो उचलून मागे चालत होती.

"बघा गं, आमची पोरं पोत्याचे सदरे घालतायत आणि ही रस्ता झाडत चाललीय!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. पाहता पाहता चार-पाच बायका तुटून पडल्या. टर्रकन आवाज झाला. घोळाचा एक पट्टा कमरेपासून सुटून एकीच्या मुठीत आला. ती नणंद होती. टाचणीबाईला पाहून ती जागच्या जागी थिजली.

ठेकेदारीणबाईंना कसंबसं शिवणघरात परत आणलं. टाचणीबाईला वाटलं, आता ही रडेल. बाई आरशात बघून हसल्या. "फाटला तर फाटला. शनिवारपर्यंत दुसरा शिवा. हा फरशी पुसायला घ्या."

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"शिवणार नाही."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" शिवणघराची मालकीण कुजबुजली.

"आता कुठे ठिकाणावर आलंय! त्या बायकांनी फाडला तो पोटातल्या आगीने. ह्यांना तर फाटल्याचंही काही वाटत नाही. सहा आठवडे माझी बोटं चाळण झाली, ती फरशी पुसायला?" तिने फाटका झगा काखोटीला मारला, आपली कात्री उचलली आणि पायऱ्या उतरली.

घरी नणंद दाराशीच उभी होती. "वहिनी, तुझ्या हातचा आहे हे मला ठाऊक नव्हतं गं."

"दुसरीच्या हातचा असता तर चाललं असतं?"

"हो, चाललं असतं!" नणंद उसळली. "आमच्या ह्यांना गुंडाळायला तरी हातभर कापड मिळालं की नाही, देव जाणे. आणि तिच्या पायांभोवती वीस वार!"

टाचणीबाईने काखोटीचा झगा आत नेऊन खाली ठेवला. राग तर होताच, पण आता तो नणंदेवर नव्हता. असला घोळ शिवताना आपण सुखावलो होतो, ह्याचाच तिला राग येत होता.

त्या झग्यातून तिने गल्लीतल्या बायकांना पाच झगे बेतून दिले, जुन्या मापाचे, पोटरीपर्यंतचे. सहावा नणंदेसाठी होऊ शकला असता. नणंदेने हात जोडले. "त्यातला दोराही मला नको." टाचणीबाईने आग्रह केला नाही.

मालकिणीने दोनदा माणूस पाठवला. टाचणीबाई गेली नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी मशीन मांडून तिने स्वतःचं काम सुरू केलं, आणि बटणं लावायला नणंद येऊ लागली. रेशीमवाली गिऱ्हाइकं तिथेही यायची. टाचणीबाई त्यांना आधी विचारायची, "फाटला तर काय कराल?" उत्तर पटलं नाही, तर मापाची पट्टी गुंडाळून ठेवायची.