पहिल्याच अंकात शेवट

पहिली घंटा झाली की माझं पोट ढवळायला लागतं. दुसरी झाली की मी रंगपटाशेजारच्या बाथरूममध्ये जाऊन उलटी करते, चूळ भरते, ओठांना पुन्हा रंग लावते आणि विंगेत येऊन उभी राहते. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. बॅकस्टेजच्या मंडळींना हे इतकं सवयीचं झालंय की मला उशीर झाला तर कुणीतरी दारावर टकटक करून "झालं का?" असं विचारतं. आवाजात काळजी वगैरे काही नसते. चहा झाला का विचारावं, तसं विचारतात.

लोकांना वाटतं, नाटकवाली माणसं जन्मतःच धीट असतात. "नाटकाची आवड कशी लागली हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. खरं उत्तर दिलं तर पंगतीची मजा जाईल, म्हणून मी काहीतरी गुळमुळीत सांगते. मला आवड नंतर लागली. आधी लागली ती भीती.

कॉलेजात मी नाटकाच्या ग्रुपमध्ये गेले ती पाठांतर चांगलं म्हणून. विंगेत संहिता घेऊन बसायचं, कुणी अडलं की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं, एवढंच माझं काम. मला ते फार पसंत होतं, कारण कुणाला मी दिसत नव्हते. मग ऐन प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुख्य काम करणाऱ्या मुलीला गालगुंड झालं. सगळी वाक्यं पाठ असलेली दुसरी मुलगी म्हणजे मी. मला तिचा ड्रेस घातला, मागून पिना मारल्या आणि ढकललं. समोर मिट्ट काळोख होता आणि त्या काळोखात कुणीतरी खोकलं. मला वाटलं, माझ्यामुळेच खोकलं. मी बसून बोलायची वाक्यं उभ्याने बोलले आणि उभ्याने बोलायची बसून.

घरी आले, ताटावर बसले आणि हावरटासारखी जेवले. मग रडले. आईला वाटलं, नाटक पडलं. मला आईला सांगताच येईना की मी मेले असते तरी चाललं असतं, पण हे परत करायला मिळालं नाही तर चालणार नाही.

पुढे त्यातच पडले. भीती काही कमी झाली नाही. नारायण पेठेत आमचे घरचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, उलटी नेमकी कधी होते ते विचारलं. मी सांगितलं. "मग नाटक करू नका," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांपेक्षा स्वस्त पडेल." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी हे सांगतेय ते त्या वर्षाचं, जेव्हा खरोखरच करू नये असं माझ्याही मनात आलं होतं. कोथरूडच्या एका शाळेत मला कायमची जागा मिळत होती. सोमवारी जाऊन होकार द्यायचा होता. एकदा होकार दिला की नाटकाचे दौरे बंद, हे शाळेनं स्वच्छ सांगितलं होतं. बाबा स्वतः आयुष्यभर शिक्षक. ते ओरडले नाहीत, अडवलंही नाही. फक्त म्हणाले, "तुला त्रास होतोय आणि तुला जागा मिळतेय. यात विचार करण्यासारखं काय आहे, ते मला समजावून सांग." मला ते समजावता आलं नाही. मी मनाशी ठरवलं, रविवारी दुपारचा प्रयोग आहे. त्यात भीती जराशी जरी कमी वाटली तर नाटक, नाही तर शाळा. इतके प्रयोग झाल्यावरही ज्या माणसाला उलटी होते त्यानं या धंद्यात राहू नये, हे मला पटलं होतं.

ते नाटक तीन माणसांचं. एक आई, तिची मुलगी आणि परगावी राहणारा मुलगा. मुलगा आईला कायमचं आपल्याकडे न्यायला येतो आणि शेवटी आई जात नाही, एवढीच गोष्ट. मुलीचं काम माझं. आईचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर मुरलेल्या, त्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो. दिग्दर्शक हट्टी. स्टेजवर खोटी भाजी चालणार नाही म्हणायचे. त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी सकाळी मंडईतून मेथीची जुडी यायची. पहिल्या अंकात आम्ही मायलेकी ती निवडायचो, दुसऱ्या अंकात मी ती चिरायची आणि प्रयोग संपला की ज्याची पाळी असेल तो भाजी घरी न्यायचा. त्या नाटकाच्या दिवसांत आमच्या प्रत्येकाच्या घरी मेथीचं नाव काढलं की लोक उठून जायचे.

नाटकात एक वाक्य दोनदा होतं. आई मुलीला विचारते, "गॅस बंद केलास का?" पहिल्या अंकात मुलगी म्हणते, "केला गं." मग आई तिला सांगते की दादा आज येतोय, आणि गोष्ट सुरू होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आई पुन्हा तेच विचारते. तेव्हा मुलगी म्हणते, "पेटवलाच नाही. तू जाणार म्हटल्यावर कुणासाठी पेटवू?" आई म्हणते, "मी कुठेही जात नाहीये." मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवते, हळूहळू अंधार होतो, पडदा पडतो.

दोन सारख्या वाक्यांची प्रत्येक नटाला धास्ती असते. जीभ आपली पुढे जाते, डोकं मागे राहतं.

त्या रविवारी उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्तच झाली. मी विंगेत उभी राहून स्वतःशी म्हटलं, चला, ठरलं, शाळा. पडदा उघडला. आम्ही मेथी घेऊन बसलो. ताईंनी विचारलं, "गॅस बंद केलास का?" आणि मी अगदी मनापासून म्हटलं, "पेटवलाच नाही. तू जाणार म्हटल्यावर कुणासाठी पेटवू?"

वाक्य तोंडातून गेलं तरी मला काही कळलं नव्हतं. कळलं ते ताईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला तेव्हा. "मी कुठेही जात नाहीये," त्या म्हणाल्या. फार सुंदर म्हणाल्या. प्रेक्षकांना अजून या बाईला मुलगा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

आता माझी पाळी होती मांडीवर डोकं ठेवण्याची. आणि माझी मान वाकायला लागली! मी थांबवू शकत नव्हते. तेवढ्यात उजेड कमी झाला. वर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यानंही वाक्य ऐकलं होतं आणि त्याचा हात सवयीनं खटक्यावर गेला होता. नाटक सुरू होऊन चहा गार होण्याइतकाही वेळ झाला नव्हता आणि आम्ही तिघं मिळून ते संपवत होतो. डाव्या विंगेत दादाचं काम करणारा नट हातात बॅग घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्याचं सगळं काम अजून व्हायचं होतं.

तेव्हा जी भीती वाटली तशी मला त्याआधी कधी वाटली नव्हती. कानात दडे बसले. तोंडात कडू पाणी आलं. आणि त्याच वेळी सगळं लख्ख दिसायला लागलं: ताईंच्या नऊवारीचा काठ, फळीवरचा डबा, माझ्या हातातली मेथी. जुडी अजून बांधलेलीच होती. सुतळी सुटली नव्हती. शेवटच्या प्रसंगात ही भाजी चिरून पातेल्यात असते, मग ही इथे कशी, असा मला चक्क प्रश्न पडला, आणि आपण कुठे आहोत ते समजलं.

मी मान वर केली. "असं तू आत्ता म्हणतेस," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "दादा आला की त्याच्यासमोर म्हणशील?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. मी जुडीची सुतळी सोडली, अर्धी मेथी त्यांच्या पुढ्यात टाकली आणि त्यांचंच वाक्य म्हटलं, "तो आज येतोय."

उजेड जिथे होता तिथेच थांबला होता. मग तो हळूच पूर्ववत झाला. ताईंनी एक काडी उचलली, पानं खुडली. "आज?" त्या म्हणाल्या. खरं तर हे माझं वाक्य. तिथून पुढे दादाची एंट्री होईपर्यंत त्यांची वाक्यं मी म्हटली आणि माझी त्यांनी. दादा आला तो इतका घाईनं आला की बॅग दारात अडकली. लोक हसले. त्या हशानं मला जरा श्वास घेता आला.

मध्यंतरात मी रंगपटात जाऊन खुर्चीत बसले ती उठेचना. दिग्दर्शक आत आले. मी म्हटलं, "सर, दुसरा अंक मी करणार नाही. मला जमणार नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग कोण करणार? मला पंजाबी ड्रेस बसत नाही."

"सर, तो प्रश्न परत येणार आहे."

"येणारच. लिहिलाय."

आणि ते गेले. मी दुसरा अंक केला. तो प्रश्न जवळ यायला लागला तशी मला पायरीपायरीनं तो वर चढून येताना ऐकू येत होता. मी मेथी चिरून पातेल्यात टाकली. ताईंनी विचारलं, "गॅस बंद केलास का?" आणि एक क्षण, खरंच सांगते, हा पहिला अंक की दुसरा ते मला ठरवता येईना. मी पातेल्यात पाहिलं. चिरलेली भाजी होती. मग वाक्य म्हटलं. लोकांनी ते आधी ऐकलं होतं, म्हणून असेल कदाचित, पण या वेळी सभागृहात कुणी हललंसुद्धा नाही. मी ताईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि अंधार झाला, त्या अंधारात माझे दात वाजत होते.

प्रयोगानंतर एक गृहस्थ मुद्दाम आत भेटायला आले. "आई सुरुवातीलाच नाही म्हणून मोकळी होते आणि तरी मुलगा न्यायला येतो, हे फार धाडसी लिहिलंय," ते म्हणाले. दिग्दर्शकांनी गंभीरपणे मान डोलावली.

सगळे पांगल्यावर मी ताईंपाशी गेले. त्या आरशासमोर बसून चेहऱ्याचा रंग पुसत होत्या. हात अगदी स्थिर. मला त्या स्थिर हातांचा हेवा वाटला.

"ताई, चूक माझी होती. पण तुम्ही किती शांत होतात."

"शांत कुठली," त्या म्हणाल्या. "मी तिथे नव्हतेच. संध्याकाळी पाहुणे यायचेत, साबुदाणा भिजवलाय की नाही ते आठवत होते. तू चुकलीस हे मला कळलंही नाही. तू शेवटाचं बोललीस, मी शेवटाचं बोलले. तू मेथी टाकलीस तेव्हा जागी झाले."

त्यांनी कापूस फेकला, दुसरा घेतला.

"पूर्वी घंटा झाली की माझे पाय लटपटायचे. कशाला तरी धरून उभी राहायचे. हल्ली काही होत नाही." मग आरशातून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "तुझं काय होतं?"

"उलटी."

"अजून?"

"प्रत्येक प्रयोगाला."

"बरंय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "या मे महिन्यानंतर मी थांबतेय. आत्ताच बोलू नकोस कुणाला." त्यांचा आवाजही स्थिर होता. मला एकदम त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. त्या बाईंनी उभं आयुष्य इथे काढलं होतं आणि आता त्या स्टेजवर बसून साबुदाण्याचा विचार करत होत्या. तसं माझं झालं तर, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी भीती जावी म्हणून नवस बोलले होते.

गाडीवरून घरी आले. बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. सकाळचाच पेपर, तो संध्याकाळी दुसऱ्यांदा वाचायची त्यांची पद्धत. मी उभ्या उभ्याच सांगितलं की उद्या मी शाळेत जाणार नाही.

"म्हणजे भीती गेली तर," ते म्हणाले.

"नाही. वाढली."

बाबांनी चष्मा काढला. त्यांना टोमणा मारायचा असला की ते आधी चष्मा काढतात, म्हणून मी तयारीत राहिले. पण त्यांनी सरळ विचारलं, "मग आयुष्यभर हे असंच घाबरत राहायचं ठरवलंयस का?"

"हो बाबा."

ते चष्मा पुन्हा लावायला गेले, तर काडी कानावर बसेना. दोनदा प्रयत्न केला, मग तो मांडीवर ठेवून दिला. त्यांचे हात कापत होते. माझ्या बापाला मी तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि आम्ही दोघंही दिवे लागेपर्यंत तिथून उठलो नाही.