नव्याला काका काय म्हणत

पालघरपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत लॅटिन विशेषण चालवून दाखवणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या मावशीच्या पदरात पडला होता. काका मुंबईच्या कॉलेजात एका पाद्रीबाबांकडे लॅटिन शिकले आणि गावी येऊन चिकूची वाडी नि भातशेती करू लागले. पुढे बाकीचं लॅटिन खाऱ्या वाऱ्याने खाल्लं; 'नवा' या अर्थाचा एक शब्द तेवढा उरला. पण त्याच्यावर माया अशी, की नवी छत्री आली तरी ती उघडून ते प्रेमाने "नोवा" म्हणत. आपल्यासारखीच तिन्ही लिंगं चालतात म्हणून हा शब्द त्यांना घरचा वाटे. पोर्तुगालातला नोवो, स्पेनातला नुएवो, इटलीतला नुओवो, फ्रान्सातला नूव्हो, ही त्याची परदेशी गेलेली मुलं. वीजकेंद्राचं काम निघालं तेव्हा बोईसर स्टेशनवर एका गोऱ्या इंजिनिअरला गाठून त्यांनी विचारलं, तुमच्यात नव्याला काय म्हणतात? तो म्हणाला, "न्यू." "मुलगा नाय, पण पुतण्या हाय," म्हणत काकांनी चिकूंची पिशवी त्याच्या हातात दिली.

नव्याच्या पौर्णिमेला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या. मावशी बांधायची आणि काका मंत्र म्हणायचे: आधी "नोवुस, नोवा, नोवुम", मग चारी मुलं.

"देवाला तरी समजतं का तुमचं?" मावशी विचारायची.

"नाय समजलं तर मी हाय ना सांगायला."

मग वीजकेंद्रासाठी गावच उठलं. वाडी गेली, शेत गेलं. दुसरीकडे घर नवं, विहीर नवी, शेजार नवा, आणि काकांच्या तोंडून तो शब्द मात्र निघेना. स्वतःची ट्रंकसुद्धा त्यांनी उघडली नाही. पाहुण्यासारखे ओटीवर बसून राहायचे. हे इथे रुजणारच नाहीत, ही धास्ती मावशीला आतून पोखरत होती.

पौर्णिमा आली. तिने मासवणच्या भावाकडून लोंब्या आणवल्या आणि दाराला बांधल्या. मी शेजारी उभा होतो. जन्मभर चेष्टा केलेला तो मंत्र ती स्वतः म्हणाली, "नोवुस, नोवा, नोवुम," आणि चौकटीवर हात ठेवून थांबली. पुढचं तिला येत होतं, ऐकून ऐकून पाठच होतं. तरी ती बोलली नाही.

"नोवो," काका ओटीवरून म्हणाले. मग नुएवो. एकेक करून चारी मुलं त्यांनी घरात घेतली. उठून त्यांनी लोंबी नाकाशी धरली.

"भात चांगला हाय मासवणचा," ते म्हणाले. "पण याला आपला वारा नाय लागलेला."

संध्याकाळी काकांनी ट्रंक उघडली.